एकसष्टावी घंटा

डीनचा फोन आला तेव्हा मी गरम पाण्यात पाय बुडवून बसलो होतो. मंगळवारी मला सुट्टी असते. आठवड्यातून तेवढा एकच दिवस मला मनोऱ्याच्या एकशे सत्त्याण्णव पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, आणि नेमकं त्याच दिवशी चॅपलचे प्रमुख, डीन व्हिटबेक, यांना माझी आठवण येते.

"हर्म, मिसेस काल्सबीकचं पत्र आलंय," ते म्हणाले. "त्या म्हणतात, ऑक्टोबरपासून तू त्यांच्या मुलीची घंटा वाजवलेलीच नाहीस."

"काहीतरीच काय! दर गुरुवारी वाजवतो मी."

"मग तसं त्यांना समजावून सांग. मला जमणार नाही, त्यांनी सहा पानं लिहिलीत. पुढच्या शनिवारी त्या गाव सोडून चालल्यात, मुलाकडे ॲरिझोनाला. घर विकलं. म्हणजे हा गुरुवार आणि पुढचा गुरुवार, दोनच राहिले. जाण्याआधी एकदा तरी ऐकायचीय म्हणतात. चॅपलची अब्रू आहे रे, म्हातारीला रडवून पाठवू नकोस."

फोन ठेवला आणि पाण्यातल्या माझ्या पायांकडे बघत बसलो. एकतीस वर्षं मी हे काम करतोय. चॅपलचा डीन पाचवा आलाय, घंटावाला मी एकटाच. आणि आता या वयात कुणीतरी माझ्यावर कामचुकारपणाचा आळ घेतो म्हणजे काय!

"हर्म!" कोरी, माझी बायको, स्वयंपाकघरातून ओरडत आली. "ओव्हन केव्हाचा बोंबलतोय! पाव जळून कोळसा झाला. तू इथे बसून काय करत होतास?"

"फोनवर होतो."

"फोन ठेवून पाच मिनिटं झाली तुला."

डोक्यात सहा पानं घोळत होती.

त्या घंटेचं असं आहे. आमच्या विद्यापीठाच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, मनोऱ्यात एकसष्ट घंटा आहेत. थोरली सहा टनांची. ती वाजली की खाली ग्रंथालयातल्या खिडक्या थरथरतात. धाकटी, एकसष्टावी, किटलीएवढी. लोकांना वाटतं आम्ही दोऱ्या ओढतो. दोऱ्या नाहीत. घंटांच्या खाली एक लाकडी खोली आहे, तिथे बाकावर बसायचं, समोरच्या लाकडी दांड्यांवर मुठी हाणायच्या आणि पायांनी खालच्या पट्ट्या दाबायच्या. प्रत्येक दांडीची तार वर लोलकापर्यंत गेलेली असते. लोलक घंटेवर आदळतो आणि सगळं गाव ऐकतं. चूक झाली तर तीही सगळं गाव ऐकतं. माझ्या दोन्ही करंगळ्यांच्या कडेला घट्टे पडलेत, डावा खांदा पावसाच्या आदल्या दिवशी मला जागवतो, आणि तरुणपणी कानात बोळे घालायची लाज वाटायची म्हणून मी ते कधी घातले नाहीत.

घंटा घडवल्या तेव्हा गावातल्या बड्या घरांनी एकेक घंटा आपल्या माणसांच्या नावाने दिली. एगबर्ट काल्सबीक फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय कातायचा. त्याच्या आवाक्यात होती ती सगळ्यात लहान. तिच्यावर नाव कोरलंय, लिनेट काल्सबीक, आणि खाली दोन सालं. त्या दोन सालांत सातच वर्षांचं अंतर आहे. मेंदूज्वराने गेली पोरगी. त्या वेळचे वादक मिस्टर स्लाख्टर यांनी आईबापांना शब्द दिला होता की दर गुरुवारी दुपारचं वादन संपलं, शेवटचं स्तोत्र झालं, की चार श्वास थांबायचं आणि मग ती एकच घंटा, एकदाच. मला नोकरी देताना स्लाख्टरनी पगार सांगायच्या आधी हे सांगितलं. म्हणाले, "बाकी काय वाट्टेल ते वाजव, हे चुकवू नकोस."

आणि मी चुकवलं नाही. बर्फात चढलो, तापात चढलो, आई गेली त्या आठवड्यातही चढलो.

एगबर्ट जाऊन वीस वर्षं झाली. आर्डिस काल्सबीक, त्याची बायको, वय शहाऐंशी, अजून दर गुरुवारी बाराला मनोऱ्याखालच्या बाकावर येऊन बसते. हातात लाल लोकरीचे हातमोजे, गुडघ्यावर चौकड्यांचं ब्लँकेट. फारच थंडी असली तर गाडीत बसते, काच खाली करून. घंटा वाजली की उठायची, ब्लँकेट झटकायची आणि मी खाली आलो की पेपरमिंटची एक गोळी माझ्या हातावर ठेवून चालायला लागायची. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की आमच्याकडच्या बायका पर्समधून काढून पोरांना देतात ना, तीच गोळी. एकतीस वर्षांत आमचं बोलणं फार झालं नाही. तिला मी बोलायला नको होतो, वाजवायला हवा होतो.

या हिवाळ्यात मात्र तिचं तंत्र बिघडलं होतं. घंटा झाली तरी उठायची नाही. मी खाली येईस्तोवर तशीच वर बघत बसलेली. मी म्हटलं, वय झालं, गुडघे धरले असतील.

त्या गुरुवारी मी कुढतच वर चढलो. सरोवरावरून वारा सुटला होता, एप्रिल उजाडला तरी त्याची हौस फिटत नव्हती. गारठ्याने तारा आखडल्या होत्या, त्या एकेक करून सैल करता करता पंधरा मिनिटं गेली. तीन स्तोत्रं वाजवली. हात दगडासारखे झाले. मग थांबलो, चार श्वास घेतले आणि उजव्या टोकाची शेवटची दांडी हाणली, जरा जास्तच जोरात. घे म्हटलं, ऐक आता! घंटा वाजली. टिंग. माझ्या डोक्यात तो सूर इतका पक्का बसलाय की झोपेतही सांगेन.

खाली आलो. ती बसलेलीच.

"वाजवलीस?" तिने विचारलं.

"वाजवली."

"नाही वाजवलीस."

"मिसेस काल्सबीक, आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, या हाताने वाजवलीय मी."

"हर्म, तू चांगल्या घरचा मुलगा आहेस. कंटाळा आला असेल तर तसं सांग. माणसाला कंटाळा येतो. पण खोटं बोलू नकोस."

माझं टाळकंच सटकलं. एक तर खांदा ठणकत होता, त्यात हे मुलगा-बिलगा, मी सहासष्ट वर्षांचा घोडा! म्हणालो, "घंटा ठणठणीत आहे. बिघाड झालाय तो तुमच्या कानांत. या वयात वरचे सूर आधी जातात, कुठल्याही डॉक्टरला विचारा. ॲरिझोनाला जाण्याआधी कान तपासून घ्या."

तिने लाल मोजा काढला, पर्स उघडली, गोळी बोटात धरली. आणि परत आत टाकली. पर्स मिटली.

"पुढच्या गुरुवारी येईन," म्हणाली. "शेवटचं." आणि ब्लँकेट न झटकताच चालायला लागली.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी गोळीशिवाय घरी गेलो. कोरीला सगळं सांगितलं. म्हटलं, "बाई ठार बहिरी झालीय आणि खापर माझ्यावर फोडतेय."

कोरी बटाटे सोलत होती. सोलता सोलता थांबली. "कोण बहिरी झालीय?"

"मिसेस काल्सबीक. दुसरं कोण?"

"बरं," कोरी म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली.

आठवडाभर मला चैन पडलं नाही. चिडलो होतो हे खरं, पण ती पर्स मिटतानाचा आवाज डोक्यातून जाईना. शेवटी ठरवलं की साक्षीदारच उभा करायचा. पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता चॅपल झाडणाऱ्या डेलोरिसला गाठलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, जिभेला हाड नाही, पण खोटं बोलणार नाही.

"वर चल माझ्याबरोबर," म्हटलं.

"वर? मास्तर, मी देवाच्या घरी जाईन तेव्हा एकदमच वर जाईन. आत्ता गुडघे नाहीत मला."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"चढायलाच वीस मिनिटं!" असं म्हणत आली मात्र. दर वळणावर थांबून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत आली. खोलीत पोचल्यावर बाकावर मटकन बसली. मी तिला सगळा प्रकार सांगितला आणि म्हटलं, "आता नीट कान दे. उद्या डीननी विचारलं तर तू सांगायचंस." आणि एकसष्टावी दांडी हाणली.

"ऐकलंस?"

"काय?"

"घंटा!"

"लाकडाची ठक ऐकली," ती म्हणाली.

पुन्हा हाणली. तिने मान हलवली. मी म्हटलं, तुझ्याही कानांत बोळे आहेत वाटतं. तशी ती उसळली. "चार नातवंडं आहेत माझ्या घरी. पलीकडच्या खोलीत चॉकलेटचा कागद वाजला तर मला कळतं, कुठल्या कार्ट्याने वाजवला ते. ती शेजारची दांडी मारा बघू."

मी साठावी मारली.

"ही वाजली. छान वाजली. आता तुमची ती मारा. बघा, नुसती ठक."

"मला तर दोन्ही ऐकू येतात," मी म्हणालो.

डेलोरिस उठली. "मास्तर, तुम्ही इकडे या, खिडकीकडे तोंड करा. मी मारते. घंटा ऐकू आली की बोट वर करायचं. आमच्या धाकटीची शाळेत अशीच परीक्षा घेतली होती."

मला हसू आलं. तरी उभा राहिलो. खिडकीतून खाली रिकामा बाक दिसत होता. मागे ठक झाली, मी बोट वर केलं. पुन्हा ठक, पुन्हा बोट. मग बराच वेळ काही नाही. मग एक ठक. बोट.

"झालं?" मी वळून विचारलं.

तिच्या चेहऱ्यावर आता चेष्टा नव्हती. "मास्तर, तिन्ही वेळा मी नुसतं बाकावर बोटाने ठोकलं. दांडीला हात लावलाच नाही. आणि मधे तुम्ही गप्प होतात ना, तेव्हा मी साठावी तीनदा वाजवली. हळू दाबून, ठक होऊ न देता."

मी खाली बसलो. टिंग माझ्या डोक्यातच वाजत होती. लाकडाची ठक ऐकली की पुढचं माझं मीच पुरं करत होतो, कोण जाणे किती वर्षं. कोरीचा ओव्हन आठवला. बटाटे सोलताना थांबलेला तिचा हात आठवला. आणि त्या बाकावर, त्या बाईला मी काय बोललो होतो तेही आठवलं. अशी शरम वाटली मला की बोलायची सोय नाही.

"पण मग घंटा का वाजत नाही?" डेलोरिस म्हणाली. "तुमचे कान गेले ते गेले. माझे तर आहेत ना."

शिडीने वर घंटांमध्ये गेलो. ती मागोमाग आली, आता न कुरकुरता. एकसष्टावी सगळ्यात टोकाला टांगलेली आहे, कोपऱ्यातल्या तुळईखाली. वाकून बघितलं. लोलकावर चामड्याचा तुकडा गुंडाळलेला होता, सुतळीने बांधलेला. गाठ माझीच. मी डावखुरा आहे, माझी गाठ उलटी पडते.

ऑक्टोबरमध्ये कबुतरांसाठी जाळी बसवायला माणूस आला होता. त्याचं डोकं बरोबर वरच्या लहान घंटांच्या मधे यायचं. चुकून तार ओढली गेली तर बिचाऱ्याचे कान फुटतील म्हणून मी सहा लोलकांवर चामडं बांधलं होतं. दुसऱ्याच्या कानांची काय काळजी! दुपारी बाराच्या आत काढायचं म्हणून घाईघाईने सोडलं, कोटाच्या खिशात कोंबलं आणि खाली पळालो. सहा बांधली होती, पाच सोडली. सहावं सोडलं नाही ते त्याच दुपारी मला ऐकू यायला हवं होतं.

मी गाठ सोडली. डेलोरिसने लोलक चिमटीत धरून हलकेच घंटेला लावला आणि डोळे बारीक केले. "वाजली," ती म्हणाली. "बाई गं, केवढीशी, आणि केवढी टोकदार!"

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मला काहीच ऐकू आलं नाही.

"कुणाला सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी कुणाला सांगणार? झाडूला? ते तुमचं तुम्ही निस्तरा. आधी त्या म्हातारीचं बघा. पावणेबारा झालेत."

बाराला वाजवायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा खरं ऐकून वाजवलं. खालचे सूर सगळे होते, मधले होते, आणि वर चढत गेलो की एका ठिकाणी स्तोत्र संपायचं आणि नुसतं लाकूड उरायचं. एवढं माझं गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. खिडकीतून लाल मोजे दिसत होते. शेवटचं स्तोत्र झालं. थांबलो. चार श्वास घेतले. आणि शेवटची दांडी मारली.

ठक.

मी खिडकीला नाक लावलं. ती तशीच बसलेली होती, वर बघत. मग ती उठली. ब्लँकेट घसरून पायाशी पडलं तरी तिचं लक्ष नव्हतं. दोन्ही लाल मोजे तोंडावर धरून उभी होती.

मी कधी खाली पोचलो मला ठाऊक नाही. धाप लागली होती. म्हटलं, "मिसेस काल्सबीक, माफ करा. लोलकावर चामडं होतं. मीच बांधलं होतं, ऑक्टोबरात, आणि काढायचं विसरलो. तुमचे कान उत्तम आहेत. गेलेत ते माझे."

"पार गेले?"

"वरचे सूर. लिनेटची घंटा मला ऐकू येत नाही. आज वाजवली तीही आली नाही."

"मग वाजली हे तुला कसं कळलं?"

"तुम्ही उठलात."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने खाली वाकून ब्लँकेट उचललं, झटकलं, घडी केली.

"हात पुढे कर," म्हणाली. गोळी ठेवली. मग म्हणाली, "बिचारा."

ते मात्र मला सोसलं नाही. तिथेच बाकावर बसून रडलो, शाळकरी पोरासारखा. विद्यार्थी जात-येत होते, एक-दोघं थबकलेही. ती माझ्याशेजारी बसून राहिली.

"तू काम सोडणार आता?" जरा वेळाने तिने विचारलं.

"सोडावंच लागेल. डीनना उद्या सांगतो."

"आणि मी परवा चालले." ती वर मनोऱ्याकडे बघत होती. "किती गुरुवार बुडवलेस तू?"

"पंचवीस असतील. कदाचित सव्वीस."

"मग इथे काय बसलायस?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणालो, "साडेबाराला वर्ग सुरू होतात. त्यानंतर वाजवायची परवानगी नाही."

"व्हिटबेकला सांग, मी सांगितलं. फारच बोलला तर त्याला आणखी सहा पानं लिहीन."

"माझे पाय राहिले नाहीत हो. आज आधीच एकदा..."

"हर्म," ती म्हणाली, "मी शहाऐंशी वर्षांची आहे आणि परवा वाळवंटात राहायला चाललेय. पायांचं मला सांगू नकोस. जा वर. वाजली की मी हात वर करेन. नाही वाजली तर नाही करणार. तुला कळलं पाहिजे ना."

गेलो. कठड्याला धरून, दर वीस पायऱ्यांना बसून, तोंडात पेपरमिंट धरून. वर पोचेपर्यंत साडेबाराचे टोल पडून गेले होते. खालचं मैदान ओस पडलं होतं, सगळे वर्गात. बाकापाशी ती एकटी उभी होती. डेलोरिस तिच्याशेजारी झाडू टेकून उभी राहिली होती.

मी दांडी मारली. ठक. खाली लाल हात वर झाला.

तो खाली येईपर्यंत थांबलो आणि पुन्हा मारली. हात वर झाला. समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली, मग दुसरी. खोलीतल्या फोनचा दिवा लुकलुकायला लागला, डीनच असणार. मी तिकडे बघितलं नाही. मोजायचं म्हणून सुरुवात केली होती, पण एकीकडे हाताकडे बघायचं आणि एकीकडे आकडा धरायचा हे मला जमेना, आणि दहा-बाराच्या पुढे आकडा सुटला. पंचवीस झाल्या की चाळीस, मला माहीत नाही. खाली हात वर होत होता तोवर मी वाजवत होतो.